आधी दुखरा हात

जुलैतल्या एका सकाळी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवरून पाय सरकला आणि मी उजवा हात टेकून पडले. पडताना हात आपोआप पुढे जातो. शरीर तोंड वाचवतं आणि त्याची किंमत मनगट मोजतं. कोपरापासून निघालेल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड मनगटाच्या थोडं वर मोडतं. आयर्लंडमधले शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या 81 वर्षं आधी, केवळ हातांनी चाचपून या मोडीचं वर्णन लिहून ठेवलं. डॉक्टर आजही तिला त्यांच्याच नावानं ओळखतात. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात, म्हणून पावसाळ्यात ही मोड घेऊन येणाऱ्यांत आमच्या वयाच्या बायका बऱ्याच असतात. माझ्या हाडाचे तुकडे झाले होते, त्यामुळे नुसत्या प्लास्टरवर भागलं नाही. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले.

ऑपरेशन दीड तासात झालं. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि ‘हात उंच ठेवा’ एवढंच लिहिलेलं होतं. आंघोळ कशी करायची, सलवारीची नाडी कशी बांधायची, जेवायचं कोणत्या हातानं, झोपताना हात ठेवायचा कुठे, यातलं त्या कागदावर काहीच नव्हतं. पुढचे तीन महिने मात्र मला तेवढेच प्रश्न होते. ते कसे सुटले ते इथे लिहिते आहे.

सुरुवात अंगठ्या-बांगड्यांपासून. हाताला मार लागला की तास-दोन तासांत सूज चढते. तोवर अंगठी निघाली नाही तर बोटाला तिचाच फास बसतो. बोट मोडलेलं नसेल तर साबणाच्या पाण्यानं अंगठी सुटते. नाहीच सुटली तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सारायचं, उरलेला दोरा अंगठीपासून पेरावर घट्ट गुंडाळायचा आणि खालचं टोक उलगडत अंगठी हळूहळू पुढे आणायची. बांगड्यांपाशी मात्र मन अडतं. आपण बांगडी ‘फुटली’ असंही म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. हातात हिरवा चुडा असेल तर तो उतरवायला घरातलं कोणी पुढे होत नाही, दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट फुगतं आणि मग बांगड्या कापाव्या लागतात. दुखऱ्या हातातल्या लगेच काढाव्यात. हव्या तर दुसऱ्या हातात भराव्यात.

सुजेचं थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. तळहाताच्या मागची कातडी सैल असते. तिथे साचलेलं पाणी दिवसेंदिवस तसंच राहिलं तर ते दाट होतं आणि बोटांचे सांधे आखडतात. उपाय दोन. हात हृदयाच्या वर ठेवायचा, म्हणजे पाणी उतारानं परत वाहतं. झोपताना कुशीला दोन उशा, बसताना सोफ्याच्या पाठीवर हात, चालताना पंजा समोरच्या खांद्यावर. दुसरा उपाय बोटांचा. मूठ वळली की हातातले स्नायू रक्त पिळून वर ढकलतात. म्हणून जागेपणी दर तासाला दहा वेळा बोटं पूर्ण सरळ करायची आणि पूर्ण मिटायची. पूर्ण म्हणजे नखं तळव्याला टेकेपर्यंत, निदान तो प्रयत्न तरी. बोटांची नुसती टोकं हलवली तर त्याचा उपयोग होत नाही.

गळ्यातल्या झोळीविषयीही सांगायला हवं. झोळी बाहेर जाताना घालावी. ठाणे किंवा घाटकोपर स्टेशनच्या जिन्यावर ती चार लोकांना दुरून दिसते आणि कोपरं जरा लांब राहतात. घरात ती काढावी. दिवसभर झोळीत अडकलेला हात खालीही राहतो आणि खांदा धरतो तो वेगळाच. मनगट मोडलेल्या किती तरी माणसांचं मनगट दोन महिन्यांत बरं होतं आणि खांदा वर्षभर दुखत राहतो. त्यांच्या खांद्याला काही झालेलंच नव्हतं, तो फक्त हलवला गेला नाही. प्लास्टर मनगटाला असतं, बोटं, कोपर आणि खांदा मोकळे असतात. मोकळे सांधे मोकळेच ठेवायचे. या साऱ्या काळातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि घरातली माणसं मायेनं नेमकं तेच करू देत नाहीत. ‘हलवू नकोस, जपून’ हे वाक्य माझ्या कानावर दिवसातून पन्नासदा पडायचं.

पण एका ऑपरेशनात बोटं हलवत राहण्याचा माझा सल्लाच घात करतो. काचेनं किंवा पत्र्यानं बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटली असेल आणि ती जोडली असेल, तर बोट स्वतःच्या जोरावर मिटायचं नाही. जोडलेली दोरी पहिले दोन-तीन आठवडे फार कच्ची असते. नुसती पिशवी उचलली किंवा त्या हातानं चिमटीत काही धरून बघितलं, तरी टाका सुटू शकतो. अशा रुग्णाला बोटं वाकलेल्या स्थितीत धरून ठेवणारा स्प्लिंट देतात आणि किती, कसं, कोणी हलवायचं हे ठरवून देतात. तो स्प्लिंट आंघोळीलाही स्वतःच्या मनानं काढायचा नाही. पूर्ण वजन पेलायला सुमारे 12 आठवडे लागतात. त्यामुळे शेजारणीचा व्यायाम बघून आपण करू नये. तिचं हाड होतं, आपली दोरी असेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एवढं विचारून घ्यावं की माझ्या हाताचं नेमकं काय हलवायचं आणि काय नाही. उत्तर कागदावर लिहून मागावं.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. गोळीनं न थांबणारी आणि वाढतच जाणारी कळ, बोटं पांढरी, निळी किंवा गार पडणं, बधिरपणा वाढणं, दुसऱ्यानं बोट सरळ केलं की जीव जाईल असं दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजता रिक्षा करून निघावं. प्लास्टरच्या आत दाब वाढला तर स्नायू काही तासांतच मरायला लागतात. ताप, पू, पट्टीतून येणारा वास यांसाठीही डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावं.

आता न्हाणीघर. मुंबईतल्या फ्लॅटचं न्हाणीघर म्हणजे चार बाय सहा फूट, त्यात बादली, तांब्या आणि ओली फरशी. एका हातानं उभ्यानं आंघोळ करायला जाणं म्हणजे दुसरं मनगट मोडण्याची तयारी. प्लास्टिकचं बसकं स्टूल घ्यावं, त्याखाली रबरी चटई टाकावी आणि बादली चांगल्या हाताच्या बाजूला ठेवावी. प्लास्टरवर लांब पिशवी चढवावी, पाव येतो तसली चालते. तिचं तोंड कोपराच्या वर कापडी पट्टीनं बांधावं. रबर बँड लावू नये, तो रक्त अडवतो. बांधली तरी पिशवी गळते, हे धरून चालावं आणि हात बादलीपासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवावा. फायबरचं प्लास्टर भिजत नाही असं सांगतात. वरचं कवच भिजत नाही हे खरं, पण आतला कापूस भिजतो आणि आपल्या दमट हवेत तो दोन दोन दिवस वाळत नाही. खाज सुटली तर आत पट्टी किंवा विणायची सुई घालायची नाही. कातडी सोलली तर आतल्या आत जखम चिघळते. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा प्लास्टरच्या तोंडाशी धरली की बरं वाटतं.

एक गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही. आपल्याकडे उजवा हात जेवणाचा आणि डावा धुण्याचा. यातला एक गेला की दुसऱ्यावर दोन्ही कामं येतात आणि मन त्याला तयार होत नाही. माझ्या सासूबाईंना मी डाव्या हातानं वरण-भात कालवलेला बघवत नसे. काही बोलत नसत, मान वळवायच्या. मार्ग सोपा आहे. संडासात पाण्याचा फवारा बसवून घ्यावा, त्याचा दांडा चांगल्या हाताला येईल अशा बाजूला. पंपाची साबणाची बाटली ठेवावी. जेवण चमच्यानं करावं. एक हात धुवायला दुसरा हात नसतो, हेही आधी कोणाच्या लक्षात येत नाही. घासणीचा ब्रश बेसिनच्या काठाला चिकटवून त्यावर बोटं घासली की चांगला हात स्वच्छ होतो. प्रसाद डाव्या हातानं घेतल्यानं कोणता देव रागावला असेल असं मला वाटत नाही.

पोळी तोडणं ही दोन बोटं आणि अंगठा यांची इतकी सराईत कसरत आहे की उजव्या हाताला ती कोणी शिकवलेली आठवत नाही. डाव्या हाताला ती जमायला मला आठ दिवस लागले. तोवर पोळीची गुंडाळी करून खावी. ताट सरकतं, त्याखाली ओल्या फडक्याची घडी ठेवावी म्हणजे ते जागचं हलत नाही. काठाचं ताट किंवा खोलगट ताटली घेतली की घास काठाला अडतो आणि चमच्यात येतो.

कपड्यांचा नियम एका ओळीचा आहे. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. चांगला हात आधी अस्तनीत गेला की कापड ताणलं जातं आणि दुखऱ्या हाताला मागे वळावं लागतं. पुढून उघडणारे, सैल बाह्यांचे कपडे घ्यावेत. नाडीच्या जागी इलॅस्टिक घालून घ्यावं, कोपऱ्यावरचा शिंपी ते अर्ध्या तासात करून देतो. आपल्या ब्लाउजचे हूक पुढून असतात, ही मोठी सोय. आतल्या कपड्याचे हूक पुढे लावून तो मागे फिरवावा. निऱ्या एका हातानं होत नाहीत, साडी नेसवायला माणूस लागतं, ते मागावं. वेणीसाठीही. वयात आलेल्या मुलाला आईची वेणी घालावी लागली तर त्यात संकोच वाटण्यासारखं काय आहे? माझी वेणी दोन महिने माझ्या मुलानं घातली.

बँक, फोन आणि सही यांची तयारी ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली असेल तर आधीच करावी. फोनमध्ये दुसऱ्या हाताच्या बोटाचा ठसा नोंदवून ठेवावा. सही लागणारी कामं उरकून टाकावीत. फोनवर मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे, तिची सवय करावी. चांगल्या हाताची नखं आदल्या दिवशी कापून घ्यावीत, नंतर त्यांना कापणारा हात उरत नाही.

प्रवासात मुंबईची रिक्षा डावीकडून चढायची असते आणि उजवी बाजू आडव्या दांड्यानं बंद असते. उजवा हात दुखरा असेल तर डाव्या कडेला बसावं, म्हणजे चांगला हात दाराच्या दांड्याशी येतो. डावा दुखरा असेल तर आत सरकावं. लोकलची गर्दीची वेळ टाळता येत नसेल तर ते दिवस रजेचेच समजावेत. एका हातानं दांडा धरणं आणि त्याच हातानं स्वतःला वाचवणं, ही दोन्ही कामं गर्दीत एका वेळी होत नाहीत.

लोकल आणि हात म्हटलं की घाटकोपर आठवतं. 11 जानेवारी 2014 रोजी घाटकोपर स्टेशनवर कुर्ल्याची महाविद्यालयीन विद्यार्थिनी मोनिका मोरे गाडी पकडताना फलाट आणि डब्यामधल्या पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला आणि फलाटांची उंची वाढवायची कामं सुरू झाली. त्याच वर्षी 8 जूनला त्याच घाटकोपरहून वर्सोव्याला जाणारी मेट्रो सुरू झाली. तिथे फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. हात दुखरा असताना अंधेरीला जायचं तर मी मेट्रोच घेत असे.

मोनिकानं सहा वर्षं हातांशिवाय आणि कृत्रिम हातांनी काढली. 28 ऑगस्ट 2020 रोजी परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या चमूनं तिला दोन्ही हात जोडले. ते चेन्नईतल्या एका मेंदूमृत तरुणाचे होते आणि विमानानं मुंबईत आणले होते. शस्त्रक्रिया 15-16 तास चालली. मुंबईतलं हे पहिलं हस्तप्रत्यारोपण. देशातलं पहिलं 2015 मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात झालं होतं. पण अशा शस्त्रक्रियेनंतरही खरं काम पुढेच असतं. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कोपराखालून बोटाच्या टोकापर्यंत 300 मिलिमीटरच्या वर अंतर, म्हणजे बोटाला स्पर्श कळायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो. तोवर रोज तासन्‌तास व्यायाम आणि जन्मभर औषधं. जगातलं पहिलं यशस्वी मानलेलं हस्तप्रत्यारोपण 1998 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात झालं. त्या रुग्णानं औषधं सोडली आणि 2001 मध्ये तो हात काढून टाकावा लागला. माझ्या दीड तासाच्या ऑपरेशनची त्या 16 तासांशी बरोबरी नाही, पण दोन्हींचं पुढचं काम एकाच जातीचं आहे.

मज्जातंतू जोडलेल्यांनी आणखी एक जपायचं. बधिर बोटाला चटका कळत नाही. चहाचा स्टीलचा पेला, तवा, गरम पाण्याची बादली, हे सगळं आधी चांगल्या हातानं बघावं. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करताना हे दाखवून दिलं की त्या हातांची बोटं झडतात ती मुख्यतः न कळलेल्या भाजण्या-कापण्यानं. दुखणं हे राखणदार असतं. ते गेलं की डोळ्यांनी राखण करावी लागते.

ही राखण शिकवणाऱ्यांची एक विद्या आहे, व्यवसायोपचार, बोलीत ‘ओटी’. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरी नव्हे, दिवसभर हाताला असणारा उद्योग. ती आपल्याकडे रुजली ती मुंबईतच. जन्मानं अमेरिकन, पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लुंडी आणि लग्नानंतरच्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणला एक शाळा आज कमलाबाईंच्या नावानं चालते. मराठी घरांना त्यांचं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आजही ऑपरेशनवर लाख रुपये खर्च करणारं घर ओटीच्या सहा भेटींसाठी हात आखडतं आणि मग हातच आखडतो. केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत हे उपचार फारच कमी पैशांत होतात.

माझ्या उपचारतज्ज्ञ बाईंनी सहा आठवड्यांनंतर, एक्स-रे बघून झाल्यावर, मला यंत्रं दिली नाहीत. त्यांनी विचारलं, घरी काय काय करता? मग यादी करून दिली. आधी मेथी निवडणं, मटार सोलणं, तांदळातले खडे वेचणं, वाती वळणं. ही चिमटीची कामं. आठव्या आठवड्यात सैल कणीक, मग घट्ट. पिळण्यासाठी आधी हातरुमाल, नंतर पंचा. कुकरचं झाकण आणि पाण्याची भरलेली बादली तिसऱ्या महिन्यानंतर. व्रणावर, तो पूर्ण भरून आल्यावर, खोबरेल तेलाचं बोट दाबून गोल फिरवायचं, म्हणजे कातडी खालच्या दोऱ्यांना चिकटत नाही. ताज्या मोडीला मात्र तेल लावून रगडणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावं.

माझी रजा भरपगारी होती. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंचा अंगठा मागच्या वर्षी पत्र्यानं कापला, तेव्हा दहाव्या दिवशी त्या पट्टीवर पिशवी बांधून कामावर आल्या. सहा आठवडे हात कोरडा ठेवा, हा सल्ला पाळायला सहा आठवड्यांचा पगार लागतो. साकीनाका, मरोळच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली बोट गेलेल्या कामगाराचा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असेल तर कामावरच्या इजेसाठी, काम करता येत नाही तोवर, पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते. इतर आजारपणासाठी, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी अपघाताची नोंद मालकाकडून त्याच दिवशी करून घ्यावी, नंतर ती होणं अवघड जातं. घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काही नाही. तिला सुट्टी भरपगारी द्यायची की नाही, हे तिच्या सहा घरांनी ठरवायचं असतं. आमच्या इमारतीतल्या चार घरांनी ती दिली, दोन घरांनी नाही.

उपचारतज्ज्ञ बाईंनी मला एक चित्रही काढून दिलं होतं. ते बघून आमच्या सुतारानं पाट केला. त्याच्या खालून ठोकलेल्या, न गंजणाऱ्या दोन खिळ्यांची टोकं वर येतात, त्यांवर बटाटा किंवा कांदा रोवून एका हातानं चिरता येतो. एका कोपऱ्याला दोन पट्ट्यांची काटकोनी भिंत आहे, तिला पावाचा तुकडा टेकवला की लोणी लावताना तो पळत नाही. विळीवर बसणं बंद झालं तेव्हा स्वयंपाकघरात मी केलेलं पहिलं काम म्हणजे त्या पाटावर चिरलेला एक कांदा. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ते एकटे राहतात आणि सकाळचे पोहे स्वतः करतात. पाट आता त्यांच्याकडे आहे. त्यांनी खिळ्यांवर बुचं लावली आहेत, म्हणजे रात्री अंधारात हात पडला तर लागणार नाही. हे मला सुचलं नव्हतं.